किनाऱ्याकडे तोंड करून

आमच्या गावात देवमासा माडीवर राहतो.

तंजावूरच्या राजवाड्यात बुरुजाचा जिना चढून गेलं की तो दिसतो. नुसती हाडं. फासळ्यांच्या कमानी अशा, की चार मुलं आत बसून जेवतील. पूर्वी कधीतरी समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेला तो प्रचंड जीव इथं वर आणून ठेवला, आणि तेव्हापासून राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतल्या प्रत्येक मुलाला काही वर्षं तरी असं वाटत असतं, की देवमासे जिन्यावरच राहतात. आमची नित्या चार वर्षांची असताना तिनं तिथं उभं राहून विचारलं होतं, "हा पाणी प्यायला खाली कधी उतरतो?"

तिचे आजोबा, म्हणजे माझे थोरले बंधू तुळजारामअण्णा, हसले नाहीत. "तो खाली उतरत नाही," ते म्हणाले. "तो श्वास घ्यायला वर येतो. मासा असून मासा नाही हा. आपल्यासारखाच हवा पितो. हात पुढे कर बघू."

तिनं हात पुढे केला.

"त्याच्या पंखाच्या आतसुद्धा अशीच बोटं असतात. वरून कातडं असतं म्हणून दिसत नाहीत. हातमोजा घातल्यासारखी."

नित्या स्वतःच्या बोटांकडे किती वेळ पाहत राहिली. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण असा धडा मला कधी जमला नाही. अण्णा वीज मंडळात नोकरीला होते. रविवारी सकाळी गल्लीतली जी पोरं सापडतील ती घेऊन ते राजवाड्यात जायचे आणि हाच धडा पुन्हा नव्यानं शिकवायचे. तरी त्यांना एक रुखरुख होती. "हाडं दाखवणं सोपं आहे रे रघू," ते मला म्हणायचे. "श्वास दाखवता आला पाहिजे. तो मीच पाहिला नाही."

मग त्यांनी कुठूनतरी ऐकलं, की मनोऱ्याच्या समुद्रात समुद्रगाय असते. आमच्याच जिल्ह्यात, पट्टुकोट्टैच्या पुढे, सर्फोजी राजांनी बांधलेला मनोरा जिथं उभा आहे तिथल्या उथळ पाण्यात. देवमाशाएवढी मोठी नाही, पण तशीच वर येऊन श्वास घेणारी, पाण्याखालचं गवत खाणारी. अण्णांनी नित्याला शब्द दिला, "तू, मी आणि आज्जी, तिघं जाऊ. जिवंत दाखवीन तुला."

त्याच वर्षी ऐन पावसाळ्यात अण्णा गेले.

क्रियाकर्म मी केलं. अस्थी मात्र विजयलक्ष्मीवैनींनी स्वतःच्या हातानं समुद्रात सोडल्या. बायका सहसा जात नाहीत, पण वैनी म्हणाल्या, "मुलगा नाही, मुलगी कोइम्बतूरला. शेवटपर्यंत डबा मीच भरून दिला, हेही मीच करीन." वेदारण्याच्या किनाऱ्यावर त्या कमरेइतक्या पाण्यात गेल्या. मडकं सोडलं. गुरुजी म्हणाले, "आता मागे वळून पाहू नका, अम्मा. पाहिलं की जाणाऱ्याचा पाय अडकतो."

वैनी वळल्या आणि चालू लागल्या. आणि त्यानंतर त्यांनी समुद्र पाहिलाच नाही.

हे मला फार उशिरा कळलं. नागपट्टणमला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा समुद्र दिसू लागताच त्यांनी बसच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. ऊन लागतं म्हणाल्या. आकाशात ढग होते. मग टीव्हीवर वादळाच्या बातम्या लागल्या की त्या उठून स्वयंपाकघरात जातात, हेही लक्षात आलं. मी गुरुजींना गाठून विचारलं. ते म्हणाले, "अहो, किनारा सोडेपर्यंतच ते. जन्मभर कोण सांगेल?" मी वैनींना तसं सांगितलं.

"कुठपर्यंत ते त्या दिवशी सांगितलं नव्हतं ना," वैनी म्हणाल्या. "मी वळले आणि त्यांचा पाय अडकला तर? जन्मभर घाईत असायचे. जाताना तरी सुखानं जाऊ देत."

मुलांना शिकवताना एक गोष्ट कळते. काही उत्तरं फळ्यावर लिहून देता येतात. काहींची वाट पाहावी लागते.

यंदा मे महिन्यात नित्या कोइम्बतूरहून सुट्टीला आली. नऊ वर्षांची झाली आहे. आमची मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. इथं मी तिचं बोलणं मराठीतच लिहितो. कुठल्याशा परदेशी गावाचा व्हिडिओ तिनं पाहिला होता. तिथं लोक सुट्टीत नुसते देवमासे पाहायला येतात, हॉटेलांत राहतात, सकाळी बोटीतून निघतात आणि पाण्यातून डोंगर वर आल्यासारखा मासा वर येतो.

"आजोबांनी मला कबूल केलं होतं," ती म्हणाली.

"मी नेतो," मी म्हणालो.

"तिघं जाणार होतो. आज्जी हवी."

वैनी शेंगा सोलत होत्या. "मी कशाला? माझी कंबर दुखते."

"मग मीही नाही जात," नित्या म्हणाली. हट्टानं नव्हे, साधेपणानं. जसं सांगितलं होतं तसंच व्हायला हवं, एवढंच. या बाबतीत ती अगदी अण्णांवर गेली आहे.

वैनींनी सोललेल्या शेंगांची टोपली बाजूला केली. मग म्हणाल्या, "येईन. पण मी मनोऱ्याच्या सावलीत बसेन. समुद्राकडे पाठ करून. मला कुणी काही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," नित्या म्हणाली.

पहाटेच्या बसनं निघालो. ओरत्तनाडूला कॉफी प्यायलो. कालवे कोरडे होते, धरणाचं पाणी सुटायला अजून अवकाश होता, आणि शेतांतून नुसती भेगाळलेली माती दिसत होती. वैनी खिडकीपासून दूरच्या जागेवर, मांडीवर एव्हरसिल्वरचा, म्हणजे स्टीलचा, डबा घेऊन बसल्या होत्या. डब्यात चिंचभात, दहीभात आणि आवळ्याचं लोणचं. पट्टुकोट्टै सोडल्यावर हवेला खारट वास येऊ लागला तसा त्यांनी पदर नाकाला लावला.

मनोरा लांबूनच दिसतो. माडाच्या झाडांवरून डोकं काढून उभा असलेला, मजल्यावर मजला निमुळता होत गेलेला. आता सुट्टीत तिथं बरीच माणसं येतात, मुलं खेळतात, उसाचा रस मिळतो. ते मासेमारीच्या बंदीचे दिवस होते. मोठ्या लाँचा एका ओळीत बांधून ठेवलेल्या, समुद्र निवांत. तळ्यासारखा. लाट अशी नव्हतीच, काठाशी पाणी नुसतं हलत होतं.

नावेवाल्याचं नाव कार्तिकेय. चाळिशीचा असेल. लहान फायबरची नाव. लोकांना थोडा वेळ फिरवून आणायचा. "समुद्रगाय दिसेलच असं नाही हां," त्यानं आधीच सांगून टाकलं. "नाही दिसली तर मला शिव्या द्यायच्या नाहीत. ती माझी पाळलेली नाही."

"पण असते ना?" नित्यानं विचारलं.

"असते. आम्ही आवुळिया म्हणतो तिला. ओरडलं की जाते. तुझ्या तोंडात किती वेळ गप्प बसायची ताकद आहे, त्यावर आहे सगळं."

नित्यानं ओठ घट्ट मिटून दाखवले. मग ते सोडून वैनींकडे वळली. वैनी मनोऱ्याच्या पायऱ्यांवर, समुद्राकडे पाठ करून, सांगितल्याप्रमाणे बसल्या होत्या.

"आज्जी, नावेत नाही येणार?"

"तू जा. रघूआजोबा आहेत बरोबर. मी इथं पाठ करून बसते."

"नावेतही पाठ करून बस."

"नावेत कशी पाठ करणार? सगळीकडून समुद्रच असतो ना तिथं."

नित्यानं विचार केला. "एका बाजूला किनारा असतो. तिकडे तोंड करून बस. मनोरा दिसेल फक्त."

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणायचं नाही असं ठरलं होतं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि उठल्या. किनाऱ्यापर्यंत त्या वाळूकडे पाहत आल्या, नाव येईपर्यंत नजर वर केली नाही. कार्तिकेयनं केशरी जॅकेट पुढं केलं.

"हे केशरी काय घालायचं?" वैनी म्हणाल्या. "या वयात संन्यास देतोस की काय मला?"

"बुडू नये म्हणून आहे, पाट्टिम्मा," तो आजीला म्हणतात तसं म्हणाला.

"संन्यासही त्यासाठीच घेतात."

कार्तिकेय हसला आणि त्यानं स्वतःच त्यांच्या जॅकेटचे बंद आवळले. वैनी नावेत चढल्या त्या सरळ फळीवरून पाय फिरवून किनाऱ्याकडे तोंड करून बसल्या. पुढं निघालेल्या नावेत एकट्या मागं पाहणाऱ्या.

"पाट्टिम्मा," कार्तिकेय म्हणाला, "अशा बसलात की सासरी निघालेल्या मुलीसारख्या दिसता. माहेर लांब जातंय आणि डोळे तिकडेच."

"तू नाव हाक," वैनी म्हणाल्या.

नाव निघाली. पाणी इतकं उथळ आणि स्वच्छ, की तळाचं गवत दिसत होतं. हिरव्या फिती, सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या. खाली वारा असावा तशा. नित्यानं मला बोटानं दाखवलं. मी हळूच सांगितलं, "हे शेवाळ नाही. खरं गवत आहे. याला फुलंही येतात." तिचे डोळे मोठे झाले. शेतातलं पीक पाहणाऱ्या आमच्या मुलांना समुद्राखाली रान असेल हे सहजी पटत नाही. कोरड्या कालव्यांच्या बाजूनं आम्ही आलो होतो, आणि इथं पाण्याखाली मैलोगणती हिरवं कुरण पसरलं होतं.

बऱ्याच पुढे आल्यावर कार्तिकेयनं इंजिन बंद केलं. नाव आपोआप थोडी पुढं गेली आणि थांबली. मग काहीच आवाज उरला नाही. फळीखाली पाणी चुळूक चुळूक करत होतं, तेवढंच.

आम्ही तिघं खोल समुद्राकडे पाहत होतो. कार्तिकेय टोकाशी उभा, हाताची सावली डोळ्यांवर. नित्या दोन्ही हातांनी कड धरून. मी तिच्या मागं. आणि आमच्या पाठीला पाठ लावून वैनी, मनोऱ्याकडे पाहत.

ऊन चढलं. पाण्यावर चांदीचा पत्रा ठोकल्यासारखा झाला. नित्या एक शब्द बोलली नाही. मला तिचं कौतुक वाटलं, आणि भीतीही. अण्णांचा शब्द होता. तो खोटा पडला असता तर मी काय समजावलं असतं? दिसेलच असं नाही हे खरं आहे, निसर्ग आपल्या सोयीनं चालत नाही हेही खरं आहे, वर्गात मी हे शंभरदा सांगितलं आहे. पण ही नऊ वर्षांची मुलगी तिच्या आजोबांच्या वाक्याची दुसरी बाजू पाहायला आली होती, आणि तिची आजी त्याच समुद्राकडे पाठ करून बसली होती.

तेवढ्यात पाठीमागून श्वास ऐकू आला.

खोल, सोडलेला, दमलेल्या माणसाचा. मला वाटलं वैनींनी सुस्कारा टाकला. कंटाळल्या असतील, मी मनात म्हटलं, आता परतावं. इतक्यात वैनींचा हात मागं आला, चाचपडत नित्याच्या खांद्यावर पडला आणि तिथंच घट्ट राहिला.

आम्ही वळलो. किनारा आणि नाव यांच्या मधल्या पाण्यावर एक वर्तुळ रुंदावत चाललं होतं. बाकी काही नाही.

वैनी अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोघं आहेत."

आम्ही वाट पाहिली. कार्तिकेय खाली बसला होता, तोही श्वास धरून. वर्तुळ पुसलं गेलं. खाली गवतात माती उठून ढग झाल्यासारखं गढूळ दिसू लागलं, त्या ढगातून राखी रंगाचं काहीतरी सरकलं आणि सरकत राहिलं, संपेचना. मग ते वर आलं. घाई नव्हती. आधी दोन नाकपुड्या, नाण्यांसारख्या, झाकणं उघडावीत तशा उघडल्या. श्वास बाहेर आला, आता इतका जवळ, की त्याचे तुषार पाण्यावर पडलेले दिसले. मग पाठ. ओली, गुळगुळीत, जुन्या पाटावरवंट्यासारखी, आणि तिच्यावर कसल्यातरी जुन्या ओरखड्यांच्या पांढऱ्या रेघा. आणि पाठीच्या कडेला अगदी बिलगून दुसरी, लहान. तिनंही श्वास घेतला. तिचा श्वास बारीक होता, मूल झोपेत सोडतं तसा.

मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आलो आहे की हे प्राणी आपल्यासारखे श्वास घेतात. मला माहीत होतं. ते माहीत असणं आणि हे, यांच्यामध्ये एवढं अंतर असेल याची मला कल्पना नव्हती. या सबंध निळ्या पाण्यात कुणीतरी आपल्या हवेचा घोट घ्यायला वर येतं, आणि आपण ज्या हवेत बसलो आहोत ती तीच हवा.

मोठीनं बाजूचा पंख उचलला. आखूड, रुंद. आणि तो लहानीच्या पाठीवर टाकला.

नित्याचा हात हळूच वर आला. तिनं स्वतःची पाच बोटं पसरली, पाहिली, आणि मिटली.

मग दोघी खाली गेल्या. पाण्याखालची सावली आमच्याच दिशेनं आली. नाव हलली नाही, पण फळीखालून काहीतरी मोठं जात आहे हे पायांना कळलं. सावली या बाजूनं आत शिरली आणि त्या बाजूनं बाहेर पडली. खोल समुद्राच्या बाजूनं.

नित्या आणि मी तिच्याबरोबर वळलो. कार्तिकेयही. वैनी वळल्या नाहीत.

त्या मनोऱ्याकडे पाहत होत्या. समोर आता रिकामं पाणी. त्यांनी दोन्ही हातांनी फळीची कड घट्ट धरलेली. मला नित्याची काळजी वाटली, की ही आता आज्जीला ओढेल, बघ म्हणेल. पण फक्त किंचित सरकून तिनं फळीवर जागा केली. एका माणसाला बसता येईल एवढी.

त्यांच्या पाठीमागून श्वास आला. मोठा. मग बारीक. आधीपेक्षा लांब.

वैनींनी एक पाय उचलला. पातळ आवरलं, फळीवरून पाय पलीकडे टाकला. मग दुसरा. कंबर दुखते म्हणाल्या होत्या ते खरं होतं, त्यांना वेळ लागला. नित्यानं केलेल्या जागेवर त्या बसल्या आणि त्यांनी मान वर केली.

समुद्र तिथंच होता. इतकी वर्षं थांबून राहिल्यासारखा. आभाळाला लागेपर्यंत पाणी, आणि त्या एवढ्या पाण्यात, लांब, एक मोठी पाठ आणि एक लहान पाठ, चमकून गेल्या. पुन्हा श्वास घ्यायला वर आल्या तेव्हा आवाज ऐकू येईनासा झाला होता. मग त्याही दिसेनाशा झाल्या.

कार्तिकेयनं इंजिनाच्या दोरीला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला.

"आज्जी," शेवटी नित्या कुजबुजली, "तू वळलीस."

"मी कुठे वळले? ती वळली. मी तिच्या मागून गेले."

नित्यानं हे मनात घोळवलं. "मग आता आजोबांचा पाय अडकेल?"

मला वाटलं नव्हतं की हे तिला माहीत असेल. मुलांना सगळं माहीत असतं. वैनींनी डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. त्या समुद्राकडे पाहत होत्या, आपण कुणाच्या घरी प्रथमच जाऊन भिंती, खिडक्या पाहतो तशा.

"अडकला तर अडकू दे थोडा," त्या म्हणाल्या. "जन्मभर हाडं दाखवत फिरले. हे पाहायचं राहिलं होतं त्यांचं. एवढं बघतील आणि जातील."

मग त्यांनी हात खाली घालून ओंजळभर पाणी घेतलं आणि हळूच परत सोडलं. नित्यानंही तसंच केलं. मी कार्तिकेयला मानेनं खूण केली.

नाव वळली. मनोरा समोर आला, माड आले, किनाऱ्यावर उसाच्या रसाचा गाडा दिसू लागला. चिंचभाताची आठवण होऊन मला भूक लागली. नित्या आता एका दमात सगळं बोलत सुटली होती, नाकपुड्यांना झाकणं कशी असतात, बाळ कसं श्वास घेतं, आणि माडीवरच्या देवमाशाला आपण उद्याच जाऊन हे सांगायला हवं. आम्ही दोघं किनाऱ्याकडे तोंड करून बसलो होतो. वैनींनी मात्र पुन्हा फळीवरून पाय पलीकडे टाकले होते. नाव वळली तरी त्या समुद्राकडेच पाहत राहिल्या होत्या, आमच्या पाठीला पाठ लावून.

"पाट्टिम्मा," कार्तिकेयनं हाक मारली, "आता किनारा इकडे आहे हां."

"माहीत आहे," वैनी म्हणाल्या. "तो कुठे पळून जात नाही. तू सावकाश ने."